पंचांच्या खोलीतली प्रार्थना

मंजुळावहिनी,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो की टाळणं हेच माझं वळण होऊन बसलं. आई होती तेव्हा म्हटलं, तिला धक्का बसेल. आई गेली, तर मंडळीच्या पंचांतली जुनी माणसं होती; म्हटलं, त्यांची नावं कशाला निघायला हवीत. तीही एकामागून एक गेली. मग उरलो आपण दोघं. तेव्हा अडचण कसलीच नव्हती, तरी तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला अमरावतीच्या मातीत ठेवून अकोल्याला परत आलोय, जठारपेठेतल्या माझ्या खोलीत बसलोय, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांतलं कुणीच राहिलेलं नाही. जिला सांगायचं होतं तीही नाही.

तुमच्या मातीला चर्च भरलं होतं. वसतिगृहात तुम्ही वाढवलेल्या मुली आपापल्या लेकरांना घेऊन आल्या होत्या. नवे पाळक तरुण आहेत, मनाने निर्मळ आहेत. त्यांनी तुमच्याबद्दल प्रेमानेच सांगितलं. म्हणाले, "आपल्या मंजुळाबाई तरुणपणी एकदा वाट चुकल्या होत्या. जुन्या दैवतांकडे ओढल्या गेल्या होत्या. मंडळीने त्यांना प्रेमाने शिस्त लावली, आणि त्या सर्वांसमोर उभ्या राहून पश्चात्तापाने परत आल्या. हरवलेलं मेंढरू सापडलं." मागे कुणी तरी "आमेन" म्हणालं. मी घरचा माणूस म्हणून पहिल्या बाकावर बसलो होतो. लोक माझ्याकडे पाहत होते. मीही मान हलवली.

तेवढ्यासाठी हे लिहितोय. मंडळीच्या मासिकाकडे पाठवणार आहे. ज्यांनी ते भाषण ऐकलं त्यांनी हेही वाचावं.

दादा गेला तो दिवस आधी आठवतो. अचलपूरच्या दवाखान्यात तो कंपाउंडर होता. तापाने गेला. तुमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. बाप्तिस्मा घेऊन तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा पाळकसाहेबांनी नवं नाव सुचवलं होतं, तुम्ही म्हणालात, "मंजुळाच राहू द्या, मायनं ठेवलं हाये." माहेरचं दार तेव्हापासून बंद होतं. दादाची माती झाल्यावर मात्र तुमचा भाऊ बैलगाडी घेऊन आमच्या अमरावतीच्या मिशन कंपाउंडात आला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"सामान बांध. बाबा बोलावून राहिले. पण हे सारं अठीच सोडून याचं."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात तेव्हाच कापायला लागले होते, पेला धरला तर पाणी सांडायचं. ती म्हणाली, "जा बाई. तू अजून पोरगी हायेस. माह्यापाशी काय ठेवलं?"

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "मी गेली तं तुमची वेणी कोन घालन? मनोहरभाऊजी?"

सुतकाच्या घरात आई हसली. मी हसलो. गाडीवरच्या तुमच्या भावानेही तोंड फिरवलं, ते हसू लपवायलाच असावं. गाडी रिकामी परत गेली. तुम्ही कसली शपथ घेतली नाहीत, कसली घोषणा केली नाहीत. आईच्या मागे जाऊन बसलात आणि तिचे केस सोडले.

त्यानंतर तुम्ही दोघींनी कंपाउंडातल्या त्या दोन खोल्यांत घर केलं. तुम्हाला मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो, शाळेजवळच राहत होतो, आणि संध्याकाळी आईला भेटायला यायचो. खरं तर तुमच्याशी वाद घालायला यायचो. मी तेव्हा फार प्रार्थनेचा माणूस होतो. प्रत्येक गोष्टीसाठी देवाची खूण मागायचो. नवा कोट घ्यावा की नाही, यासाठीसुद्धा गुडघे टेकले होते.

"भाऊजी, देवाले इतका तरास काहून देता? कोट फाटला हाये. घ्या ना."

"मग तुम्हाला देव कसा चालवतो, सांगा."

"मले काई आवाज-बिवाज येत नाई. सकाळी उठली की कोनाचं तरी काम पुढं असते. ते केलं की दुसरं दिसते. त्याच्याहून जास्त मले कधी लागलं नाई."

"ते देवाचं मार्गदर्शन नव्हे, वहिनी. ती घरकामं आहेत."

"मंग देवाले घरकाम चालत नाई का?"

आई पदर तोंडाला लावून हसायची. या वादाचं उत्तर मी अनेक रात्री तयार करत असे. आजही ते तयार नाही.

राज्य नवीन झालं त्या सुमाराची गोष्ट. तुमच्या बाबांना लकवा झाल्याची बातमी आली. डोळ्यांतला मोतीबिंदू आधीच पिकला होता. भातकुलीच्या पुढे तुमचं गाव. श्रावणात त्यांच्या घरी पोथी लागायची आणि ते स्वतः वाचायचे. त्या वर्षी वाचणारं कुणी नव्हतं. तुमच्या भावाला अक्षर येत नव्हतं. बाबांनी हट्ट धरला, "मंजुळेले बोलवा. तिले मी शिकवलं."

त्यांनी तुम्हाला त्याच पोथीवर शिकवलं होतं, मांडीवर बसवून, ओळीखाली बोट फिरवत. आमच्या आईला तुम्ही रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचून दाखवत होतात. ती अक्षरं त्या मांडीवरची होती. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

दर शनिवारी तुम्ही एस.टी.ने भातकुलीला जायला लागलात आणि तिथून चिखल तुडवत गावात. आईला एवढंच माहीत होतं की बापाला भेटायला जाता. एका शनिवारी पाऊस फार झाला म्हणून मी सायकल घेऊन स्टँडवर आलो. तुम्ही उतरलात, लुगड्याचा काठ काळ्या मातीने जड झालेला. सायकल हातात धरून आपण चालत निघालो.

"भाऊजी, एक सांगू का? पोटात ठेवा."

मग सांगितलंत. भाऊ म्हणाला होता, वाच, पण पोथीला हात लावायचा नाही, तू बाटलेली आहेस. म्हणून पोथी पाटावर, तुम्ही पाटापासून हातभर दूर, आणि पानं उलटायला भावजय, कौसाबाई. तुम्ही मान हलवली की तिने पान उलटायचं. तिला वाचता येत नव्हतं. एकदा तिच्या बोटांना दोन पानं चिकटून आली आणि कथा भलतीकडेच गेली. खाटेवरून बाबा ओरडले, "एक पान खाल्लं तुमी दोघीयनं!" हे सांगताना तुम्ही भर रस्त्यात हसत होतात.

मग हसू आवरलंत. "मी मनातल्या मनात येशूले सांगतलं, हे मी बापाच्या कानासाठी वाचून राहिली. त्याचं दुसरं काईच राहिलं नाई आता. पण मले एकटीले कळत नाई, भाऊजी. मी चुकली का? तुमी प्रार्थनेचे मानूस. माह्यासाठी देवाले इचारा."

"विचारतो," मी म्हणालो.

"कोनाले सांगू नका."

"नाही सांगणार."

मी खरंच विचारणार होतो. हे तुम्ही खरं माना किंवा मानू नका.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला त्या वर्षीच मंडळीचा पंच म्हणून निवडलं होतं, सगळ्यांत तरुण पंच. उपासना संपल्यावर पंचांची बैठक होती. त्याआधी मी आईकडे जेवायला आलो. मला शाळेचं क्वार्टर मिळायचं होतं. मी मोठ्या उमेदीने आईला म्हणालो, आता माझ्याकडे राहायला ये. ती तुमच्या हातून वरणभात खात होती. घास गिळून म्हणाली, "मी मंजुळापाशीच बरी. तू पोरगा हायेस, येत जा ना अधूनमधून." तुम्ही पुढचा घास तिच्या तोंडाशी नेलात. कुणीच काही वाईट बोललं नव्हतं. पण मी ताटावरून उठलो तो आतून पेटून.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी जे झालं ते आवेशात झालं, तरुण वयातल्या कडवेपणाने झालं. पाळकसाहेबांना दाखवायचं होतं की मी घरच्यांनाही पाठीशी घालत नाही, असंही सांगून पाहिलं. तेही थोडं खरं आहे. पण मुळाशी तो घास आहे. माझी आई तुमची झाली होती, आणि ते तुम्ही मिळवलेलं होतं.

चर्चच्या मागची ती लहान खोली. पंचांचं काम सुरू करायच्या आधी प्रत्येकाने पाळीपाळीने प्रार्थना करायची, हा आपला रिवाज. माझी पाळी शेवटची. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी मंडळीसाठी, शाळेसाठी, आजाऱ्यांसाठी मागितलं, आणि मग म्हणालो, "प्रभो, आमच्या घरातल्या बहिणीला सांभाळ. तिच्या माहेरी तिला दैवतांच्या पोथीपुढे बसवतात आणि ती वाचते. तिला क्षमा कर, तिला परत आण."

कुणाची तरी खुर्ची करकरली. मी काय बोललो ते मला त्याच क्षणी कळलं. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. पुढे भातकुलीचं नाव घेतलं, श्रावणाचं घेतलं. "आमेन" म्हणालो. सगळे "आमेन" म्हणाले.

वहिनी, प्रार्थनेत बोललेल्या शब्दाला आपल्यात कुणी चुगली म्हणत नाही. तो शब्द देवाशी बोललेला असतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. बोलणाऱ्यालाही कुणाच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. बाहेर चौकात मी हे सांगितलं असतं तर लोकांनी मला हलकट म्हटलं असतं. त्या खोलीत पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनोहर, तुझं दुःख समजतं."

तुम्हाला बोलावलं. तुम्ही पदर सारखा करून दारात उभ्या राहिलात. मी भिंतीकडच्या खुर्चीत होतो.

"पोथी वाचली हे खरं आहे?"

तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. "खरं हाये."

"पश्चात्ताप आहे?"

"बापाले वाचून दाखवल्याचा नाई. मंडळीले दुःख झालं असन, तं त्याचा हाये."

तुम्ही का वाचलं, कसं वाचलं, तिथे आणखी काय झालं, हे कुणीही विचारलं नाही. सर्वांसमोर पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजनाची भाकर आणि पेला बंद, असं ठरलं. मीही हात वर केला. एका घरात तुम्हाला पोथीला शिवू देत नव्हते, आणि ती वाचली म्हणून दुसऱ्या घरात ताटावर बसू देत नव्हते. या दोन घरांच्या मध्ये तुम्ही एकट्या होतात आणि मी खुर्चीत बसलो होतो.

बैठक उठल्यावर आपण मैदान ओलांडून घराकडे चाललो. मला वाटलं तुम्ही ओरडाल, रडाल. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, मी देवाले इचाराले सांगतलं होतं. पंचाले नाई."

मी म्हणालो, "प्रार्थनेत तोंडून गेलं." तोंडून गेलं! घराच्या जवळ आल्यावर तुम्ही थांबलात.

"मायले नका सांगू, तुमी सांगतलं म्हणून. एक पोरगा गेला त्यायचा. दुसरा बी जाईन."

आणि तुम्ही आत गेलात, चूल पेटवायला.

कुणी सांगितलं ते पंचांतच राहिलं. कंपाउंडात सगळ्यांना वाटलं की दवाखान्यातल्या येस्तेरबाईने हे सांगितलं, कारण तिचे नातलग भातकुलीकडे होते. आईने तर तिच्याशी बोलणं टाकलं. एकदा नळावर तिला ऐकवलं, "लोकायच्या लेकीबाळीयचं वाटोळं करून तुले काय भेटलं वं?" बिचारी शपथा घेत राहिली. मी तिथेच उभा होतो. त्याच आठवड्यात तिचा पाय मोडला तेव्हा रोज संध्याकाळी तिच्या घरी भाकरी टाकायला कोण जात होतं, ते मला नंतर कळलं. तुम्ही तिला सांगितलं होतं, "मले मालूम हाये, तुमी नाई सांगतलं." कोणी सांगितलं ते मात्र तिलाही सांगितलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्हाला मागच्या बाकावर बसवलं. आई काठी टेकत तुमच्या मागोमाग गेली. तिचे हात कापत असल्याने तो चिमुकला पेला नेहमी तुम्हीच तिच्या ओठांना लावायचात. तबक आलं तसं शेजारच्या बाईने पेला उचलून पुढे केला. आईने ओठ घट्ट मिटले.

पाळकसाहेब स्वतः मागे आले. "आई, काय झालं?"

"सुनेनं आपल्या बापाले वाचून दाखवलं म्हणता. उद्या मी आंधळी झाली तं मले बी तिनंच वाचून दाखवलं असतं. तिले नाई तं मले नाई."

सगळं चर्च ऐकत होतं. आयुष्यभर मंडळीपुढे मान खाली घालून वागलेली माझी आई, त्या दिवशी सरळ बसली होती. तो हट्ट तिने वर्ष उलटलं तरी सोडला नाही. तुम्ही शनिवारी गावी जात राहिलात, बाबा जाईपर्यंत.

मग आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मान हलवली. एक दिवस ती तुमचा हात धरून म्हणाली, "मंजुळे, भोजन घ्याची लय इच्छा होते वं." पण शब्द दिला होता, तो मागे घेईना. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याच पाळकसाहेबांकडे गेलात.

रविवारी पेटी मी वाजवत होतो. गीत संपलं आणि तुम्ही मागून चालत पुढे आलात. मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिलात. "मी चुकली. मंडळीनं मले माफ करावं." एवढंच. बायका रडायला लागल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले, त्यांनी स्तुतीचं गीत सांगितलं. मी भाता ओढला आणि वाजवलं, वहिनी. सगळी कडवी वाजवली. तेव्हा उठून एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

दुपारी पाळकसाहेब तबक घेऊन घरी आले. तुम्ही पेला आईच्या ओठांना लावला, मग स्वतः घेतला. आईच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या मनात तिचा दुसरा मुलगा शाबूत होता. तो तुम्ही राखला होता.

मातीहून परतल्यावर तुम्ही ओसरीवर बसून मला विचारलंत, "भाऊजी, मी देवाच्या घरात खोटं बोलली का?"

"देव मन पाहतो, वहिनी."

"ते मले मालूम हाये. मी तुमाले इचारलं."

मी उठून पाणी प्यायला आत गेलो. पुढच्याच महिन्यात अकोल्याला बदली झाली. सगळ्यांना सांगितलं की प्रभूने मार्ग दाखवला. बदली मी मागून घेतली होती.

तरी तुम्ही माझं दार सोडलं नाहीत. माझी बायको बाळंतपणात मरता मरता वाचली तेव्हा पत्रही न टाकता तुम्ही अकोल्याला आलात, आणि ती उठून चालायला लागेपर्यंत राहिलात. तिला तेल लावलंत, बाळाला न्हाऊ घातलंत, माझे डबे भरलेत. ती मला म्हणायची, "तुमच्या वहिनीसारखं माणूस मी पाहिलं नाही." मी म्हणायचो, "हो." तुमच्या तोंडून तिला त्या खोलीतलं अवाक्षर कळलं नाही. मला तर रागावणारी माणसं सोसतात. तुम्ही भरलेला तो पोळ्यांचा डबा सोसत नव्हता. पण तो मी रोज खाल्ला, आणि त्याबद्दल तुमचे आभारही कधी मानले नाहीत. आज मानतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मलाही परवाच कळली. तुमच्या मातीला कौसाबाई आली होती, पानं उलटणारी. पार वाकलीय. नातवाचा हात धरून मागे उभी होती. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आली.

"भाऊ, तुमचे महाराज काय म्हणले? मंजुळा वाट चुकली म्हणे?"

मी काही तरी पुटपुटलो.

"काहून चुकन ते? पोथी सरली त्या दिवशी बुढा म्हणला, आमचं तं झालं वाचून, आता तुह्या देवाचं म्हण काई. तं तिनं म्हटलं. गानं म्हटलं, मंग हात जोडून प्रार्थना केली बुढ्यासाठी. आमी सारे बसलो होतो, माहा मालक बी. बुढा रडला. मालक उठला अन् तिले म्हणे, ये, पोथी तूच गुंडाळून ठेव आता. आमच्या घरात शिवाशिव त्या दिवशी सरली, भाऊ."

ज्या गावात आपला एकही प्रचारक ओसरीच्या पुढे गेला नव्हता, तिथे तुमची प्रार्थना घराच्या मधोमध झाली होती. पोथी सरल्यावर पंचांपुढे जाऊन हे सांगितलं असतंत तर त्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. बापाचा शेवटचा आनंद तुम्हाला स्वतःच्या बचावाला वापरायचा नसावा. की आणखी काही होतं? आता कुणाला विचारू?

"महाराजांना माहीत नव्हतं, कौसाबाई," मी म्हणालो.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तं मालूम होतं ना?"

तिला काही ठाऊक नव्हतं, सहज विचारलं तिने. मी नातवाला म्हणालो, आजीला सांभाळून ने, एस.टी. चुकेल.

तसा मी एकदा तुमच्याकडे सांगायला आलो होतो. मागच्या वर्षीच. तुम्ही सुलभाकडे राहत होतात, वसतिगृहात तुमच्या हाताखाली वाढलेली, आता नर्स असलेली सुलभा. अमरावतीच्या गाडीत बसल्यापासून मी शब्द जुळवत होतो. पण तुमचे कान गेले होते, हे मला कुणी कळवलं नव्हतं. तुम्ही खाटेवर बसून मेथी निवडत होतात. मला पाहून केवढं हसलात. "या भाऊजी! कोट नवा दिसते. देवाले इचारून घेतला का?"

मी जवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "वहिनी, त्या पंचांच्या खोलीत..."

"काय? जोरात बोला. मले आयकू येत नाई."

"त्या खोलीत मी जे बोललो..."

"अजून जोरात!"

आत सुलभा भांडी लावत होती, तिचा नवरा पेपर वाचत होता, खिडकीपलीकडे शेजारीण वाळवण घालत होती. तुम्ही कानामागे हात धरून माझ्या तोंडाकडे पाहत होतात. क्षमा ओरडून मागावी लागणार होती. मी घसा साफ केला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडलो, "तब्येत कशी आहे?"

"बरी हाये ना!" तुम्हीही ओरडलात.

मंजुळावहिनी, तुम्ही कधीच वाट चुकला नव्हतात. तुम्ही मंडळीपुढे उभ्या राहून जी चूक कबूल केलीत ती तुमची नव्हती. माझ्या मरणाऱ्या आईला एक पेला मिळावा म्हणून तुम्ही ती अंगावर घेतलीत. त्या खोलीत डोळे मिटून मी देवाशी बोलत नव्हतो. मी तुमच्याविरुद्ध माणसांशी बोलत होतो, आणि देवाचं नाव घेऊन बोलत होतो. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात आणि मी तो मोडला. मग तुम्हाला खोटं बोलू दिलं आणि वर पेटी वाजवली. मला क्षमा करा.